अठरा फाटे

जोतीराम हवालदार पोटातला जंत दाखवायला साताऱ्याला न जाता सांगलीला आला, कारण साताऱ्याच्या दवाखान्यात त्याला ओळखणारे फार होते, आणि जंत कुठून आला असावा याची त्याला थोडीफार कल्पना होती. अडचण एवढीच, की सोबत बापही आला. नाथाजी म्हणाले, "लढाईला एकला गेलास. दवाखान्यात न्हाई सोडायचो."

काड्यापेटीतून आणलेला फितीसारखा पांढरा तुकडा डॉक्टर विष्णुपंतांनी दोन काचांत दाबला, उजेडाकडे धरला आणि भिंगातून मोजायला घेतलं. मोजून झाल्यावर त्यांनी नाथाजींना चहा प्यायला बाहेर धाडलं.

"डुकराच्या मांसातला जंत असता, तर तुकड्यातल्या नळीला दहा-बारा फाटे दिसले असते. मी अठरा मोजले. हा गाईबैलाच्या मांसातला. कच्चं राहिलेल्या. कुठं खाल्लंत?"

"इटलीत," जोतीराम जमिनीकडं बघत म्हणाला. मग पलटणीत कधी न काढलेल्या आवाजात म्हणाला, "साहेब, डुकराचा म्हणा. आमच्यात रानडुक्कर चालतं, मानाचं असतं. पर बैल... आमचा म्हातारा बेंदराला बैलाच्या पाया पडतो, साहेब."

विष्णुपंत वाईचे. त्यांच्या घरात दोन्ही प्राणी सारखेच वर्ज्य. त्यामुळं एकानं अब्रू जाते आणि दुसऱ्यानं राहते, हे समजायला त्यांना जरा वेळ लागला.

"औषध एकच आहे. कागदावर मी खरं लिहिणार. वडलांना काय सांगायचं ते तुम्ही बघा."

चहा पिऊन आलेल्या बापाला जोतीरामनं सांगितलं: रानडुक्कर, शिमग्याच्या शिकारीतलं.

शिमग्याला डोंगरावर ते डुक्कर भाजलं होतं नाथाजींनीच.

"म्याच घाई केली रं! पोटच्या पोराला कच्चं चारलं!" म्हातारा स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायला लागला.

याचा विचार जोतीरामनं केला नव्हता. खरं बोलायला अजून वेळ होता. पण तो एवढंच म्हणाला, "जाऊ द्या, आबा."

जोतीरामला औषधासाठी दवाखान्यात ठेवून नाथाजी त्याच दिवशी गावाकडं गेले आणि तिसऱ्या दिवशी शिमग्याच्या पंगतीतले नऊ भाऊबंद घेऊन हजर झाले. प्रत्येकाच्या हातात काड्यापेटी. पुढं चुलतभाऊ दादासो.

"नाथातात्यांनी देवळात उभं राहून समद्यांची माफी मागितली," तो कौतुकानं सांगत होता. "पर खरं सांगू का गड्या, डुक्कर लय झ्याक भाजलं व्हतं. म्हाताऱ्याला उगंच वाटतंय."

जोतीराम बापाला मागच्या व्हरांड्यात घेऊन गेला.

"आबा, तुमचं डुक्कर न्हवं ते. इटलीत मी बैल खाल्ला."

आवारात कुणाची तरी गाडी सोडलेली होती. बैल रवंथ करत होते. नाथाजी त्यांच्याकडं बघत राहिले. मग आत जाऊन भाऊबंदांना म्हणाले, "द्या रं पेट्या डाक्टरला. चूक माजीच हाय. तपासून घ्या."

आणि परत येऊन, जोतीरामकडं न बघता, हळूच विचारलं, "लय उपाशी व्हतास व्हय रं?"

"व्हय," जोतीराम म्हणाला.

उपाशी तो नव्हता. इटलीतल्या एका शेतकरणीनं त्याला एकदाच वाढलं होतं. दुसऱ्यांदा त्यानं आपणहून ताट पुढं केलं होतं.