तीन वाजताचे पाहुणे

माझे बाबा लोणावळ्याच्या टॉकीजमध्ये छत्तीस वर्षं ऑपरेटर होते. मशिनच्या खोलीतल्या चौकोनी भोकातून त्यांनी पत्त्यांचे इतके डाव पाहिले, की त्यांची पक्की समजूत झाली: पडद्यावर पत्ते पिसतात ती माणसं नव्हेतच, देव आहेत.

"खलनायक तीन बादशहा उघडतो, नोटा ओढायला लागतो, तेवढ्यात पांढऱ्या सुटातला म्हणतो, थांब! त्याच्याकडे तीन एक्के. तो विष्णू. कुणाच्या हातात काय, त्याला आधीच ठाऊक. आणि सगळं हरून, कोट खांद्यावर टाकून निघून जातो, तो शंकर."

"आणि पार्वती?" आई विचारायची.

"समोर बसलीय की. चला, उतारी तुमची."

मग ती गोष्ट यायचीच. शंकर सारीपाटात पार्वतीशी हरला. चंद्रकोर गेली, नंदी गेला, लंगोटीसुद्धा गेली. रुसून रानात गेला. ती भिल्लीण होऊन मागोमाग गेली, तर त्याने तिला ओळखलंच नाही. शेवटी ओळखलं.

यंदा आई बाबांना विसरली. मला ओळखते, कधी माझ्या नावानं, कधी मावशीच्या. माझ्या लेकीला, सृष्टीला, मांडीवर घेऊन थोपटते. पण बाबा दिसले की पदर सावरते. "आसावरी, घरात परका पुरुष आहे गं." एकदा तर विळी घेऊन दारात बसली. बाबांनी अंथरूण पुढच्या खोलीत नेलं, मधलं दार लावून घेतलं. चव्वेचाळीस वर्षांचा संसार त्या दाराच्या दोन बाजूंना.

एका सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, "मी भिल्लीण होतो."

आईचं करायला औंढ्याहून शालूबाई येतात. त्या फसकन हसल्या. "ह्या वयात, भाऊ? आन् मिशी कुटं लपवताल?"

दुपारी तीनला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या दारानं गेले आणि पुढची बेल वाजवली. मी आईला घेऊन दार उघडलं.

"मी दिगंबर. पत्ते खेळायला कुणी मिळेल का, म्हणून आलो."

आईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चपला बाहेर काढा. बसा."

तेव्हापासून रोज तीनला बेल वाजते आणि सात-आठचा डाव मांडला जातो. दोघांचाच खेळ, एकानं आठ हात करायचे, दुसऱ्यानं सात. आईला वार आठवत नाही, पण पानं आठवतात. म्हणून बाबांना आशा होती. निघताना रोज मला हळूच म्हणायचे, "ओळखेल बघ. गोष्टीत ओळखतातच."

परवा शनिवार होता. भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्या आमच्या फाटकापर्यंत तुंबल्या होत्या, हॉर्नवर हॉर्न. आई वैतागली. "तुमच्याबरोबरचे का हो हे सगळे?"

"नाही हो. मी एकटाच."

"घरी कोण असतं?"

"बायको."

"आणि तिला टाकून रोज इकडे?"

शालूबाईंनी तोंडात पदर कोंबला.

"ती ओळख देत नाही हल्ली," बाबा म्हणाले.

"रुसली असेल. गजरा न्या." आईनं हुकमाचा बादशहा टाकला. बाबांनी त्यावर हुकमाची सत्ती टाकली. आईनं हात उचललाच नाही.

"एक्का तुमच्याकडेच आहे. मघापासून दाबून बसलाय."

बाबांचा चेहरा असा उजळला, की मी सृष्टीला घट्ट धरलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"आमचे हे असंच करतात. मी जिंकावं म्हणून."

"कुठं असतात ते?" बाबांनी विचारलं.

"टॉकीजला. येतील शो सुटला की." मग ती जरा कडक झाली. "पण तुम्ही असं करू नका. बरं दिसत नाही. ते त्यांनीच करायचं."

मला वाटलं, आता सांगतील. 'मीच तो, इंदिरा.' सांगितलं असतं, तर पुन्हा विळी, पुन्हा बंद दार. पार्वतीशी हरण्याचा हक्क शंकराचा, आणि शंकर टॉकीजला गेला होता.

बाबांनी सत्ती परत घेतली. तिच्या बादशहावर एक्का ठेवला.

"आठ झाले माझे," ते म्हणाले.

"हां, असं खेळा," आई म्हणाली. पानं गोळा करून तिनं त्यांच्यापुढे सरकवली. बाबा कितीतरी वेळ नुसते पिसतच राहिले.