पांढऱ्या रंगाच्या आधी

"बसाक्का, पाणी अजून लाल हाय की! दुपारी मिलला पांढरा लावायचाय, कवा हुनार धुऊन?" फोरमन हंबीरराव शेडमधल्या गोंगाटावर आवाज चढवून ओरडला.

"मग मी काय बसलोय व्हय?" बसम्मानं घमेल्यावर वाकलेली मान वर केली नाही.

गोकुळ शिरगावच्या त्या रंगाच्या कारखान्यात एक उभी मिल होती. तिच्या पोटात साबुदाण्याएवढे काचेचे मणी. तेलात कालवलेली रंगाची भुकटी आत सोडायची, चकत्या गरगर फिरायच्या आणि मण्यांच्या घुसळणीत भुकटी लोण्यासारखी मऊ व्हायची. रंग बदलायचा असला की मणी काढून आधी थिनरनं, मग साबणाच्या पाण्यानं धुवायचे. फुटके वेचून टाकायचे, नाहीतर मिलमधली रंग गाळायची जाळी फाटायची. फुटका मणी पाण्यात डोळ्याला दिसत नाही, हाताला टोचतो. कारखाना सुरू झाल्यापासून हे काम बसम्माचं होतं, उघड्या हातांनी.

हातमोजे तिनं मागितले नव्हते असं नाही. "हातमोजं घातलं तर फुटका मणी कळंल कसा?" मालक शिवकुमार हसून म्हणाले होते आणि सगळ्या शेडनं माना डोलावल्या होत्या. मालकानं म्हटलं की काहीही शहाणपणाचं वाटतं, मेलं.

थिनरनं हातांची सालं निघाली, ती तिनं सोसली. पण त्या दिवशी सकाळी वेगळंच झालं. अंघोळ करून ती नेहमीसारखी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन, डोळे मिटून बसली होती. जन्मल्यावर जंगमानं गळ्यात बांधलेलं लिंग. डोळे उघडले तर तळहात रिकामा. लिंग घरंगळून मांडीवर पडलं होतं आणि तिला कळलंही नव्हतं. हे तिनं घरात कुणालाच सांगितलं नाही. सांगणार तरी कसं?

आता तिनं पुन्हा पाणी बदललं. पुन्हा लाल. हंबीरराव कुरकुरत आला आणि घमेल्यावर वाकला.

"बसाक्का, ह्यो रंग न्हाय."

त्यानं तिचा डावा हात ओढून वर काढला. तळव्यात काचा रुतल्या होत्या, रक्त मनगटावरून ओघळत होतं. सकाळपासून ती स्वतःचंच रक्त धूत बसली होती.

"दुखंना व्हय?"

"न्हाय."

तिनं त्याच हाताची मूठ मण्यांनी भरली आणि थेट मालकांच्या केबिनमध्ये शिरली.

"मालक, डावा हात पुढं करा."

रोज पूजेला पुढं होणारा हात सवयीनं पुढं झाला. तिनं त्यावर मणी ओतले आणि वरून आपला तळहात दाबला. "डोळं मिटा आन् फुटका कंचा त्यो सांगा."

मालकांनी चटका बसल्यासारखा हात झटकला. मणी फरशीवर उधळले.

"टोचलं न्हवं? तुमास्नी अजून टोचतंय! माझं लिंग आज हातातनं पडलं, मला कळलं न्हाय. तुमच्या बी गळ्यात हाय की लिंग! हातमोजं घातलं की कळत न्हाय म्हणलासा. न घालता बी कळंना झालंय. आता काय घालू, सांगा!"

मालकांनी आधी आपला हात पाहिला. मग दाराकडं बघून म्हणाले, "हंबीरराव, हिला दवाखान्यात न्या. आन् मण्यांवर बनाबाईला बसवा. पांढरा आजच पाहिजे."

डबे भरणारी बनाबाई पदर खोचून निघालीसुद्धा. बसम्मा तिच्याआधी शेडच्या दाराशी ठेवलेल्या घमेल्यापाशी पोचली. तिनं लाथ घातली. सगळे मणी शेडबाहेरच्या चिखलात, खडीत गेले. मग ती हंबीररावाच्या गाडीवर मागं बसली. त्या दिवशी पांढरा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून तिनं पट्टी बांधलेल्या हातावर लिंग घेतलं. सवयीनं डोळे मिटू लागले, पण तिनं ते मिटू दिले नाहीत. लिंग हातावर आहे की नाही हे आता फक्त डोळेच सांगणार होते. ती टक लावून बसून राहिली.