मला अक्षर अक्षर लावून वाचणाऱ्या कलाबाई

मी एक जुनी चौकट आहे. सुताराने रंधा मारून केलेली नव्हे, तर संगणकाच्या पडद्यावर अवचित उभी राहणारी, बोटभर उंचीची पांढरी चौकट. मित्रांनो, तुम्ही मला शेकडो वेळा पाहिले आहे आणि एकदाही नीट पाहिलेले नाही. इंटरनेटवरची एखादी निळी लिंक तुम्ही दाबता, ती लिंक संगणकातले दुसरेच अ‍ॅप उघडायला निघते, तेवढ्यात मी मधे येते आणि विचारते, "हे संकेतस्थळ तुमच्या संगणकातले अमुक अ‍ॅप उघडू पाहत आहे. उघडायचे का?" खाली दोन बटने असतात, 'उघडा' आणि 'रद्द करा'. त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ आणि खूण करायला एक रिकामा चौकोन. एवढाच माझा संसार.

मला घडवणारी माणसे फार दूरची. कोणी नको तो पाहुणा तुमच्या संगणकात न विचारता शिरू नये, म्हणून त्यांनी मला दाराशी उभे केले. मला त्याचा केवढा अभिमान होता! पण पहिली काही वर्षे मी देऊळगाव राजाला हरिओमच्या ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या दुकानात काढली. तिथे गर्दी एवढी की मी दिसताक्षणी हरिओम 'उघडा' दाबून मोकळा व्हायचा. मी तोंड उघडायच्या आत मला गप्प केले जाई. कोणीतरी एकदा तरी मला पूर्ण वाचावे, अशी इच्छा तेव्हापासून माझ्या मनात घर करून बसली.

पुढे त्या दुकानातला लॅपटॉप मंजुश्री नावाच्या मुलीने विकत घेतला आणि माझ्यासकट जानेफळला आपल्या घरी नेला. त्याच्यावर अभ्यास करून ती नर्स झाली आणि मस्कतच्या एका दवाखान्यात नोकरीला लागली. दोन वर्षांनी सुट्टीवर आली तेव्हा परत जाताना लॅपटॉप तिने आईवडिलांसाठी ठेवला. घरातला फोन बटनांचा. म्हणून तिने लॅपटॉपमध्ये 'गाठभेट' नावाचे अ‍ॅप टाकले, आईसाठी सगळे मराठीत केले आणि पडद्यावर एक लिंक ठेवून दिली. दर शुक्रवारी चार ते पाच, ड्युटीवर निघण्याआधीचा तो तास मायलेकींचा. कसे उघडायचे तेही तिने दाखवले. पण दाखवताना मी समोर आले तेव्हा तिने सवयीने मला टिचकीसरशी बाजूला केले, आणि माझ्याबद्दल सांगायचे राहूनच गेले. शिकलेल्या माणसांना मी दिसतच नाही, त्याला कोण काय करणार!

लॅपटॉपला हात लावण्याचा मान मंजुश्रीच्या वडिलांचा, माणिकरावांचा. त्यांनी मेहकरच्या एका कॉलेजात अठ्ठावीस वर्षे कारकुनी केली होती आणि सहीशिक्क्याशिवाय चिटोराही पुढे सरकू दिला नव्हता. त्यात फोनवर रोज फसवणुकीपासून सावध राहण्याच्या सूचना ऐकलेल्या. पहिल्या शुक्रवारी त्यांनी लिंक दाबली, मी आले, आणि त्यांनी मला पाहताच 'रद्द करा' दाबले.

"काय होतं वो ते?" मंजुश्रीच्या आईने, कलाबाईंनी, मागून विचारले.

"काही नाही. परवानगी मांगून राह्यलं. असं कोनी मांगलं का सरळ नाही म्हनायचं. लोकं लई फसवून राह्यले."

"पन कोन मांगून राह्यलं, ते त वाचा."

"वाचाले काय हाय त्यात? गाठभेट उघडत नाही, नेट नसन आज, मंजूची माय. पुढच्या शुक्रवारी पाहू."

असे तीन शुक्रवार गेले. तिकडे मंजुश्री तासभर रिकाम्या पडद्यापुढे बसायची. इकडे कलाबाई नीट नेसून, केस विंचरून बसायच्या आणि पाच वाजले की उठून चहा टाकायच्या. परदेशातून साधा फोन फार महाग पडे, तरी तिसऱ्या शुक्रवारी मंजुश्रीचा मिनिटभर फोन आला. तिच्या नोकरीचा करार संपत होता. अजून दोन वर्षे राहायचे की परत यायचे, ते पुढच्या शनिवारी कळवायचे होते. "तुह्यासंग बोलल्याबिगर मी सही करत नाही, माय. गाठभेट उघड," एवढे बोलून फोन कटला. खरे सांगते, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. राखण करायला ठेवलेली मी, आणि मायलेकींच्या मधे आडवी उभी!

चौथ्या शुक्रवारी माणिकराव बीबी गावी एकाच्या मातीला गेले. चार वाजले. कलाबाई एकट्याच लॅपटॉपपुढे बसल्या. त्यांनी नवऱ्याचे पाहून ठेवले होते, तशी लिंक दाबली, आणि मी समोर आले.

मित्रांनो, कलाबाई मागच्याच वर्षी वाचायला शिकल्या होत्या. शाळेत संध्याकाळी मोठ्या बायकांचा वर्ग भरे, प्रतीक्षा मॅडम शिकवत. तेव्हापासून एसटीच्या पाटीपासून मिठाच्या पुडीपर्यंत काही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. त्यांनी पडद्यावर बोट ठेवले आणि मोठ्याने सुरुवात केली.

"हे... सं... के... त..." पुढच्या जोडाक्षराशी त्या अडल्या. मागे आल्या. पुन्हा लावले. "स्थ... ळ. संकेतस्थळ!"

काय सांगू मला काय झाले! एवढ्या वर्षांत माझा एकेक शब्द कोणाच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होता. 'गाठभेट' या नावाशी त्या थांबल्या. लेकीने फोनवर सांगितलेले नाव हेच ना, हे त्यांनी दोनदा वाचून पाहिले. मग दोन्ही बटने वाचली आणि सावकाश, पण ठामपणे 'उघडा' दाबले. चार वाजून बारा मिनिटे झाली होती.

मी पडद्याआड गेले, पण कान तिथेच राहिले.

"माय! बाबा कुठी हायेत? कोनं उघडलं?"

"मीच. वाचलं अन् उघडलं."

 नाक पुसून मंजुश्री म्हणाली, "माय, राहू का येऊ? तू म्हनशीन तसं."

'ये' हा एक शब्द कलाबाईंनी महिनाभर ओठांवर धरून ठेवला होता, हे मला ठाऊक होते. पण त्यांनी लेकीकडे पाहिले आणि उलट विचारले, "तुले काय वाटते?"

"मले राह्यचं हाय. नव्या बाळायच्या वॉर्डात घेतलं मले."

"मंग कर सई," कलाबाई म्हणाल्या. "मी हाय ना इथं शुक्रवारी."

पुढच्या शुक्रवारी माणिकराव घरी होते. बायकोने खूण करून त्यांना गप्प बसवले आणि मला पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचले. त्या दिवशी सातच मिनिटे लागली. पण वाचता वाचता त्यांची नजर माझ्या तळाच्या बारीक ओळीवर गेली. "या संकेतस्थळाला नेहमी परवानगी द्या. पुन्हा विचारू नका." मग त्यांनी घड्याळाकडे पाहिले.

"त्या चौकोनात टिक केली का ते पुन्हा दिसनार नाही बरं," माणिकराव म्हणाले. "मंग तू काय वाचशीन?"

"वाचाले दुनिया पडली हाय. पोरीचे सात मिनिटं काऊन खाऊ मी?"

आणि त्यांनी त्या रिकाम्या चौकोनात खूण केली.

मित्रांनो, तेव्हापासून मी त्यांना दिसलेली नाही. लिंक दाबली की गाठभेट थेट उघडते. दुसऱ्या लिंका दाबल्यावर मी अजूनही येते, पण त्या माणिकराव दाबतात आणि मला पूर्वीसारखेच झटकून टाकतात. तुम्हाला एवढेच सांगणे आहे की होकार द्या किंवा नकार द्या, पण कोण विचारते आणि काय विचारते ते आधी वाचा. न वाचता दिलेल्या होकाराने चोर आत येतो, आणि न वाचता दिलेल्या नकाराने लेक बाहेर राहते.

शुक्रवारी चार वाजले की पडद्याआडून मला कलाबाईंचा आवाज येतो. पुन्हा एकदा त्यांचे बोट माझ्यावर फिरावे, त्या माझ्या जोडाक्षराशी अडाव्यात, असे फार फार वाटते. सेटिंगमध्ये जाऊन ती खूण काढता येते, हे मला माहीत आहे. काढली की मी लगेच त्यांच्यासमोर उभी राहीन.

पण कोणी काढू नका.