फियाटचे दात

"चालली तर मी तुमच्या बोनेटवर बसून हॉर्न व्हतो," सटवाजी म्हणाला. "बस स्टँडपासून मंगळवारच्या बाजारापर्यंत. तोंडानं. पों पों."

मार्तंडराव फडक्यानं फियाटचं नाक पुसत होते. हात थांबला.

"आणि नाही चालली तर?"

"तर तुमी माझ्या जीपच्या बोनेटवर. रस्ता तोच, पों पों बी तेच."

"मंजूर," मार्तंडराव म्हणाले. हिंगोलीच्या तहसीलमध्ये तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, कागद वाचल्याशिवाय सही करायचा नाही. पण फियाटचं नाव निघालं की त्यांची अक्कल आधी रजेवर जायची.

रत्नपाल गुरुजी फियाटच्या मागच्या बंपरवर बसून चहा पीत होते. गल्लीत बारसं असो की बाबासाहेबांची जयंती, माईक त्यांच्याच हातात असायचा. ते म्हणाले, "साक्षीदार मी. पण नीट सांगा, चालली म्हणजे किती चालली? फाटकापर्यंत का?"

"पुसेगावच्या पटावर," सटवाजी म्हणाला. "ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपल्या पायानं. कुणी ढकलायची न्हाई, कुणी वढायची न्हाई."

फियाट मार्तंडरावांच्या वडलांची. अंगणात ती अशी उभी होती की घर तिच्या मागं बांधल्यासारखं वाटायचं. मार्तंडराव दर रविवारी तिला आंघोळ घालायचे आणि दसऱ्याला हार. हॉर्नची वायर उंदरांनी खाल्ली होती. मागच्या वर्षी सटवाजीनं चौकात फ्लेक्स लावला होता : 'चि. सौ. कां. फियाट हिला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक : समस्त उंदीर मित्रमंडळ.' मार्तंडराव पंधरा दिवस बोलले नव्हते. सोळाव्या दिवशी बोलले, कारण सटवाजी रोज संध्याकाळी फियाटच्या डाव्या मडगार्डवर येऊन बसायचाच. ती त्याची जागा. रत्नपाल गुरुजींची मागच्या बंपरवर. मार्तंडराव आत, स्टेअरिंगसमोर, दार उघडं ठेवून. गल्लीतलं सगळं राजकारण ह्या तीन जागांवरून चालायचं.

एवढ्यात मार्तंडरावांच्या पत्नी गंगूताई सूप घेऊन बाहेर आल्या.

"काय ठरलं?"

रत्नपाल गुरुजींनी सांगितलं.

"छान," गंगूताई म्हणाल्या. "मग माझंही ऐका. पोचली तर ठेवा अंगणात. नाही पोचली तर शुक्रवारी भंगारवाला येतो. त्याला मी बोलून ठेवलंय. मला कुरडया वाळत घालायला जागा नाही, आणि ह्या बाईनं अख्खं अंगण धरलंय."

"अगं, पण..." मार्तंडराव म्हणाले.

"अगं नाही आणि पण नाही. मी स्वतः आत बसून येणार. माझ्या डोळ्यानं बघणार."

त्या आत गेल्या. सटवाजी तळहातावर तंबाखू चोळत होता. त्यानं पैज गंमत म्हणून लावली होती. आजवर एकही पैज तो हरला नव्हता, हे तो कुणाला विसरू द्यायचा नाही. मार्तंडरावांच्या फोटोचा 'हॉर्नरत्न' असा फ्लेक्स छापायला टाकायचं त्यानं मनात पक्कंही केलं होतं. भंगाराचं मात्र त्याला माहीत नव्हतं. त्यानं एकवार बुडाखालच्या मडगार्डकडं बघितलं, तंबाखू दाढेखाली ठेवली आणि म्हणाला, "वहिनी, कुरडया आमच्या गच्चीवर घाला ना."

"तुमच्या गच्चीवर माकडं येतात," आतून आवाज आला.

फ्लेक्स त्यानं तरीही छापायला टाकला.

आता पुसेगावच्या पटावर मोटारी कशा गेल्या, ते सांगायला पाहिजे. तो पट बैलांचा. निजामाच्या काळापासून तिथं शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, भरायचा. मधली काही वर्षं बंदी होती, ती उठली, आणि उठून बैल पळतात न पळतात तोच जनावरांत लंपीची साथ आली. जनावरं एकत्र आणायची नाहीत असा हुकूम निघाला. पट समितीनं मांडव सांगून ठेवला होता, बुंदी सांगून ठेवली होती. अध्यक्ष किसनराव डोक्याला हात लावून बसले होते. तेवढ्यात आपलं जुनी गाडी मंडळ त्यांच्या दारात गेलं. मंडळ म्हणजे सटवाजी, मार्तंडराव, अँबेसेडरवाले धर्मसिंग, आणि नांदेड, वाशीम, परभणीकडचे चार-सहा शौकीन. सगळ्यांना एकदा तरी गाडी पळवून बघायची होती, आणि रस्त्यावर पळवली तर पोलीस धरायचे.

किसनराव म्हणाले, "पळवा. पण पट आमचा, नियम बी आमचेच."

नियमाला कोण नाही म्हणतं?

पटाच्या दिवशी किसनराव गुलाबी फेटा बांधून, शिट्टी गळ्यात घालून गाड्यांसमोर उभे राहिले. दोन्हीकडच्या बांधावर माणसं बसली होती. मागं तुरी उभ्या होत्या. रत्नपाल गुरुजी माईकवर.

किसनराव नांदेडच्या पाहुण्याजवळ गेले. पाहुण्याची गाडी लाल, बुटकी, दारावर पांढऱ्या गोलात सात आकडा. पाहुण्याच्या हातात हातमोजे होते.

"दात किती?" किसनरावांनी विचारलं.

"कुणाचे?"

"गाडीचे. दोनदाती हाय, चारदाती हाय, का सगळे दात येऊन जुळलेली? गट वयावर पडत्यात, वय दातावर."

"काका, ही रेसची गाडी आहे."

"आसंल की. रेसचा बैल बी तोंड उघडून दावतोय."

पाहुण्यानं बोनेट उघडलं. किसनरावांनी आत डोकं घातलं, बराच वेळ बघितलं, एका नळीला बोट लावून वास घेतला आणि म्हणाले, "दोनदाती. आजून लेकरू हाय." पाहुण्याची गाडी पासष्ट सालची होती. त्यानं हातमोजे काढून खिशात घातले.

सटवाजीची जीप लष्कराच्या लिलावातली. तिला सायलेन्सर नव्हता, टपही नव्हता. किसनराव म्हणाले, "जुळलेली." फियाटचं बोनेट उघडल्यावर आतून एक उंदीर बाहेर आला, बांधाकडं बघितलं आणि परत आत गेला. "ही बी जुळलेली," किसनराव म्हणाले. "हिचे तर पडायला बी लागल्यात."

मार्तंडरावांचा चेहरा उतरला. "पडले नाहीत अजून. परवाच कार्बोरेटर साफ केलाय."

"आपल्याकडची गाडी हाय, म्हातारी हाय, मान हाय," किसनराव म्हणाले. "आता जोड्या लावा."

"कसल्या जोड्या?" सटवाजीनं विचारलं.

"एकटा बैल कुणी पळिवतंय का? पटावर जोडी पळती. दाताला दात लावून जोडी. जुळलेलीला जुळलेली. ही फियाट आन तुमची जीप, एक जोडी."

"अहो किसनराव, आमची दोघांची पैज हाय! आमी येकाच जोडीत कसे?"

"पैज तुमची. पट आमचा. जू आना रे!"

खरोखरीचं जू आणलं. बाभळीचं, तेल पाजून काळं झालेलं. त्याचं एक टोक जीपच्या बंपरला, दुसरं फियाटच्या बंपरला दोरानं आवळून बांधलं. किसनरावांनी दोन्ही बोनेटांवर गुलाल टाकला, आणि सवयीनं फियाटच्या पाठीवर थाप मारली.

पहिली जोडी नांदेडच्या पाहुण्याची आणि धर्मसिंगच्या अँबेसेडरची. अँबेसेडरला जोडीला दात जुळणारं कुणी मिळालं नव्हतं, म्हणून समितीनं खास बाब म्हणून सूट दिली. शिट्टी झाली. लाल गाडी सुटली, अँबेसेडर विचार करत राहिली. दोन्ही मिळून पहिल्या वळणालाच डावीकडं तुरीत गेल्या. पटाला वळण नव्हतं.

"पाहुण्यांच्या जोडीनं चारा खाल्ला," रत्नपाल गुरुजी माईकवर म्हणाले. बांधावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

आता ह्यांची पाळी. मार्तंडराव स्टेअरिंगवर, गंगूताई शेजारी, मांडीवर पिशवी. सटवाजीनं जीपमधून हात करून रत्नपाल गुरुजींना बोलावलं.

"गुरुजी, सगळ्यांसमोर सांगून ठेवतो. फियाट बंद पडली, तर ज्या जागी पडली तिथंच मी ब्रेक मारनार आन हात वर करनार. माझ्या जीपनं तिला वढत नेली, असं व्हायला नको. मार्तंडराव, बराबर का?"

"बरोबर," मार्तंडराव म्हणाले. "सटवाजी, तुम्ही ब्रेक मारायचं कामच पडणार नाही. फक्त दुसरा गिअर जरा सुटतो. तो मी हातानं धरून ठेवणार आहे."

"धरा धरा. आन सुटला तर बोनेटावर मऊ गादी टाकतो तुमच्यासाठी."

गंगूताईंनी चष्मा पुसून घातला.

शिट्टी झाली. जीपनं असा आवाज काढला की बांधावरची दोन पोरं आईकडं पळाली. फियाट तिच्या बाजूनं खोकत निघाली, मागून निळा धूर. दोघी जुवाखाली बरोबर चालत होत्या. जमिनीला थोडा चढ होता, लांब बाभळींच्या पुढं लाल झेंडा फडफडत होता. सटवाजी डावीकडं बघत होता. मार्तंडराव फियाटच्या काचेला नाक लावून फक्त झेंड्याकडं बघत होते, पाऊल दाबलेलं, तोंड उघडं. लग्नातसुद्धा माणूस असा दिसत नाही.

मध्यावर एक आडवा चर होता. पाण्याचा, जुना. जीप त्यातून गेली, फियाट उडाली, आणि सटवाजीला स्टेअरिंगमध्ये ते कळलं. जू एका बाजूला जड झालं. जीप डावीकडं ओढू लागली. त्यानं मागं बघितलं. फियाटचा निळा धूर बंद झाला होता. गिअर सुटला होता आणि इंजिन मेलं होतं.

पाय ब्रेकवर गेला. हे त्याला नंतर नीट आठवायचं. पाय खरोखर ब्रेकवर होता.

मार्तंडराव अजून ॲक्सिलेटर दाबत होते. जीपच्या आवाजात त्यांना स्वतःचं इंजिन ऐकू येणं शक्य नव्हतं. ते पुढं वाकून गाडीला काहीतरी सांगत होते, बहुतेक 'चल बाळ' असलं काहीतरी. शेजारी गंगूताई सरळ बसल्या होत्या. शुक्रवारी भंगारवाला येणार होता. शनिवारी संध्याकाळी सटवाजी कुठं बसणार होता, ते त्याला दिसेना. चौकात फ्लेक्स मात्र दिसत होता, छापून तयार.

"तुझ्या मायला," तो जीपला म्हणाला, आणि पाय ब्रेकवरून काढून दुसरीकडं दिला.

जीप ओरडली. स्टेअरिंग उजवीकडं पिळून धरता धरता त्याचे दंड भरून आले. जू कडकडलं पण तुटलं नाही. बाभळी आल्या, बाभळी गेल्या, झेंडा गेला.

"पोचली!" माईक ओरडला. "हिंगोलीची जुळलेली जोडी पोचली!"

सटवाजीनं इंजिन बंद करायच्या आत मार्तंडरावांनी खिडकीतून हात काढला आणि म्हणाले, "मी आधी बंद करतो, गरम झाली असेल." आणि बंद पडलेल्या फियाटची किल्ली त्यांनी मोठ्या मायेनं फिरवली.

रत्नपाल गुरुजी धावत आले. "सटवाजी, खरं सांगा. ओढली का?"

"काहून वढू? माझी जीप सोताला वढत न्हाई."

"शेवटी शेवटी तर मीच जरा पाय सैल सोडला," मार्तंडराव म्हणाले. "म्हटलं, जीपला वाईट वाटायला नको."

सटवाजीच्या आयुष्यात इतका चांगला विनोद पुन्हा हातात येणार नव्हता. अख्ख्या जिल्ह्यात सांगता आला असता, वर्षभर पुरला असता. तो त्याच्या जिभेच्या टोकावर आला. सटवाजीनं तो तंबाखूबरोबर थुंकून टाकला.

"आभारी हाय," तो म्हणाला.

गंगूताई दार उघडून उतरल्या. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. त्यांनी पदर झटकला, फियाटकडं बघितलं, जीपकडं बघितलं.

"पोचली," त्या म्हणाल्या, आणि बुंदी घ्यायला गेल्या.

मंगळवारी बस स्टँडवर गर्दी होती. चौकात फ्लेक्स लागला होता. 'हॉर्नरत्न' तेच, फक्त मार्तंडरावांच्या फोटोवर रत्नपाल गुरुजींनी सटवाजीचा फोटो चिकटवला होता, मतदार कार्डावरचा. सटवाजी फियाटच्या बोनेटवर मांडी घालून बसला, गळ्यात झेंडूचा हार. मागच्या सीटवर गंगूताई, बाजाराची पिशवी घेऊन.

"हॉर्न, सुरू," मार्तंडराव म्हणाले.

"पों," सटवाजी म्हणाला. "पों पों."

"ये सटवाजी, आवाज बसला काय रं?" पानवाल्यानं विचारलं.

"खडीसाखर चघळ, खडीसाखर!" कुणीतरी ओरडलं. एक म्हातारी खरंच बाजूला सरली आणि म्हणाली, "व्हय बाबा, जा जा." कपड्याच्या दुकानातून मोबाईल बाहेर आले. शाळेतल्या पोरांनी मागून पों पों सुरू केलं, तर सटवाजीनं वळून त्यांना दटावलं : "माझी पैज हाय, तुमी काहून शिरून राहिले मधीच?"

भाजीबाजाराच्या तोंडाशी फियाटनं एक उचकी दिली आणि ती उभी राहिली. पुढं पेरूचा ढीग, मागं टमटमची रांग.

"हॉर्न उतरा," मार्तंडराव म्हणाले. "जरा धक्का द्या. पण हॉर्न चालू ठेवा हं, पैजेत थांबायचं ठरलेलं नाही."

सटवाजी उतरला. हार मागं टाकून त्यानं फियाटच्या पाठीला खांदा लावला. "पों," तो म्हणाला. टायर हळूच फिरलं. "पों."

मागची काच खाली आली. गंगूताई हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, ह्या गाडीत एक लाल दिवा आहे. इंजिन बंद पडलं की लागतो."

"आसंल."

"आत्ता लागलाय. पटावरही लागला होता."

सटवाजीचा खांदा थांबला. "कवा?"

"चरापाशी. झेंड्यापर्यंत लागलेलाच होता."

मागं टमटमवाल्यांनी बोंब ठोकली होती. सटवाजीनं गाडी पुन्हा रेटली. "मंग त्या दिवशी बोलल्या काहून न्हाईत, वहिनी?"

"तुम्ही काहून नाही बोललात?"

सटवाजीनं दुसरा खांदा लावला. गाडीच्या पलीकडं पेरूवाली ढिगाला मिठी मारून उभी होती आणि मार्तंडराव तिला सांगत होते, "घाबरू नका बाई, ब्रेक नवीन आहेत."

"भावजी," गंगूताई म्हणाल्या, "पेरूवाली उभी आहे समोर."

"पों," सटवाजी म्हणाला.