जावईबापूंचा स्टूगा

अंबूताईंचे जावई साकेतराव सात वर्षं स्वीडनमध्ये नोकरीला होते. दोन हजार चारच्या मे महिन्यात ते बायकोला, म्हणजे अंबूताईंच्या निवेदिताला घेऊन हुबळीला आले, ते डोक्यात एक खूळ घेऊनच आले. विद्यानगरच्या घरात पंखे होते, कूलर होता, गच्चीवर टाकी होती, न्हाणीघरात पांढऱ्याशुभ्र फरशा होत्या. हे सगळं अंबूताईंनी नवऱ्याच्या मागं लागून लागून, एकेक करून मिळवलेलं. त्या घरात बसून, त्यांच्याच हातचं आंब्याचं सासव ओरपत जावई म्हणाले, "आई, या खेपेला आपण सगळे आठ दिवस स्टूगात राहू या."

"हे कुठं आलं? दांडेलीच्या पलीकडं?"

"गाव नव्हे हो. स्टूगा म्हणजे उन्हाळ्यात राहायचं साधं घर. तिकडं पुष्कळ जणांचं असतं. जंगलात, तळ्याकाठी, तांबड्या रंगाचं. वीज नाही, नळ नाही. पाणी आपण आणायचं, लाकडं आपण फोडायची. संडाससुद्धा बाहेर, लांब. मोठेमोठे साहेब महिना-महिना जाऊन राहतात."

"का? घरचे हाकलून देतात?"

"आनंदासाठी, आई!"

नवलगुंदाकडच्या खेड्यात अंबूताईंचा जन्म. तिसरीतनं शाळा सुटली ती घागरीपायी. तळ्याला जाऊन-येऊन दीड कोस. त्याला आनंद म्हणतात हे सांगायला तेव्हा स्वीडनहून कुणी आलं नव्हतं. पण जावयाला नाही म्हणायचं कसं? आणि निवेदिता नवऱ्याच्या शब्दाला मान डोलवायला अशी तयार, की मान आहे का गिरणीचा पट्टा!

साकेतरावांनी जागासुद्धा ठरवून टाकली होती. अळणावरच्या पुढं धोंडिबाचं शेतातलं घर. धोंडिबा म्हणजे अंबूताईंना दरसाल तांदूळ आणून घालणारा. मातीच्या भिंती, मंगळुरी कौलं, मागं चाळीस हात खोल विहीर. धोंडिबा आणि त्याची बायको कौसल्या आठ दिवस गोठ्याच्या पडवीत झोपणार आणि ही साहेबमंडळी घरात राहून आनंद घेणार.

सोमवारी जीप दारात थांबली. कौसल्यानं गूळ-पाणी पुढं केलं. अंबूताई तिच्या हातचं दोन तांबे पाणी घटाघटा प्यायल्या आणि मग त्यांचं लक्ष दारासमोर आडव्या पडलेल्या सिमेंटच्या खांबाकडं गेलं.

"हे गं काय?"

कौसल्यानं इकडंतिकडं बघितलं. "लाइटीचा खांब, अक्का. दोन वर्षं खेटे घालून आलाय. बेस्तवारी लाइनमन येणार हुता. लाइट आली की इहिरीवर मोटार बसणार. सव्वीस वर्षं पाणी वढतीया मी. ह्यो खांदा आता वरच जाईना." तिनं हात उचलून दाखवला, तो जेमतेम कानापर्यंत आला. "पण तुमच्या जावयांनी मालकास्नी सांगितलंय, तार नको, बल्ब नको, आहे तसंच ऱ्हाऊ द्या, मी दर वर्षी येतो. मालक भुलले. लाइनमनला माघारी धाडणार म्हणत्यात. एकदा माघारी गेला की तो काय परत येतोय?"

"तू काय म्हणालीस?"

"मला कोण इचारतंय!"

अंबूताईंनी पदरानं तोंड पुसलं. जावयाला सरळ सांगावं तर तो हसून म्हणणार, आई, तुम्हाला साधेपणाची गोडी कळत नाही. वर त्याच्यापुढं आजवर शब्द टाकलेला नव्हता आणि टाकायचाही नव्हता. त्यांची मान तेवढी मऊ नव्हती. पण बेस्तवार, म्हणजे गुरुवार, तीन दिवसांवर होता.

"कौसल्ये," त्या हळूच म्हणाल्या, "उद्यापासनं मी फार कर्मठ होणार आहे. तू राग मानू नकोस, आणि हसूही नकोस."

मंगळवारी सकाळी साकेतराव अर्ध्या चड्डीत अंगणात उभे राहून छाती भरभरून श्वास घेत होते. आल्या आल्या त्यांनी झुडपांआड खड्डा खणून, फळ्या ठोकून संडास उभा केला होता आणि त्याच्या दाराला तिकडच्या पद्धतीनं बदामाच्या आकाराचं भोक पाडलं होतं. अंबूताईंनी ते बघितलं, पदर खोचला आणि हाक मारली, "साकेतराव, तुमच्या त्या स्टूगात पाणी कोण भरतं?"

"ज्याचं त्यानं, आई. गडीमाणूस ठेवायचाच नाही. तीच तर गंमत!"

"वा! मग स्वयंपाकाचं पाणी तुम्हीच काढा. मला मडीचं लागतं."

मडी म्हणजे सोवळं. आधी आंघोळ, मग ओल्या पंच्यानंच पाणी काढायचं, आणि घागर घरात येईतो कुणाला शिवायचं नाही.

साकेतराव चकित झाले. "पण काल तुम्ही कौसल्याबाईंच्या हातचं प्यायलात की!"

"काल प्रवासात होते. प्रवासात चालतं."

"निवेदिता काढेल ना."

"ती चार दिवस बाजूला बसलीय. विचारा."

निवेदितानं तोंड उघडलं, आईची नजर बघितली आणि मिटून घेतलं. ती बाजूला-बिजूला काही बसलेली नव्हती. पण आईची ती नजर तिच्या ओळखीची होती.

झालं. साकेतरावांनी आंघोळीपुरतं पाणी काढलं. आंघोळ केली. ओल्या पंच्यात काकडत दुसरी घागर काढली. चाळीस हात दोर, आणि गडीमाणूस नाही ही तर गंमत! घागर अर्ध्या वाटेवर आली आणि अंबूताई कडाडल्या, "अय्य! मनगटावर काय ते? घड्याळाचा पट्टा? चामड्याचा? मैलिगी, ओवळं झालं की सगळं! ओता ते."

"कुठं ओतू?"

"वाया कशाला घालवता? तिथं मिरच्यांच्या वाफ्यात ओता."

वाफा कौसल्याचा. तिसरी घागर कुत्रा हुंगून गेला म्हणून वांग्यांना गेली. चौथीच्या वेळी साकेतराव शिंकले. पाचवी आत पोचली तेव्हा पावणेबारा वाजले होते आणि पोटात कावळे कोकलत होते. पडवीत शेंगा फोडत बसलेली कौसल्या मान खाली घालून एवढी हलत होती, की धोंडिबाला वाटलं हिला हिवताप भरला.

"इतकी मडी?" साकेतराव धापा टाकत म्हणाले. "विद्यानगरात तर तुम्ही नळाखालीच पातेलं धरता."

"नळाला दोर असतो का? जिथं दोर, तिथं मडी. आमच्या बाळाचार्यांनीच सांगितलंय."

बाळाचार्य त्यांचे कुलगुरू. असं त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. अंबूताईंनी मनातल्या मनात आचार्यांना नमस्कार करून टाकला.

बुधवारी सासूबाईंना पुरणपोळी करायची लहर आली. पुरणाला पाणी लागतंच. त्यात धोंडिबा दोनदा मदतीला धावला आणि दोन्ही वेळा घागरीला शिवला म्हणून हाकलला गेला. लाकडंही साकेतरावांनीच फोडली. संध्याकाळी तळहातावर चार फोड आले. त्यांवर फुंकर घालत ते म्हणाले, "तिकडं हातपंप असतो हो. दोन दांडे मारले की बादली भरते."

"म्हणजे यंत्र असतं की," अंबूताई म्हणाल्या, आणि दुसरी पोळी वाढली. यापुढं बोलायचं नाही हे त्यांना कळत होतं. आतून मात्र धाकधूक होती. हा पठ्ठ्या फोडांचंही कौतुक करायचा! स्वीडनमध्ये दाखवायला त्यानं हाताचे फोटोसुद्धा काढून घेतले होते.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला लाइनमन आला, बरोबर दोन माणसं आणि तारेचं भेंडोळं. साकेतराव विहिरीवर ओल्या पंच्यात उभे. धोंडिबा डोकं खाजवत पुढं झाला. "सर, जरा... आता नको म्हणतोय."

"बेडा?" लाइनमन चिडला. "दोन वर्षं माझं डोकं खाल्लंस आणि आता नको? मग लिहून दे. खांब दुसऱ्या गावाला नेतो. पुन्हा माझ्याकडं यायचं नाही."

धोंडिबानं साकेतरावांकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. साकेतरावांच्या हातात दोर होता आणि दोराच्या टोकाला, तीस हातांवर, भरलेली घागर.

"असं करा," ते म्हणाले, "फक्त विहिरीवर मोटर बसवा. घरात बल्ब नको. घराची शोभा जाते."

अंबूताईंनी ओठ चावला. एवढा वाकला, पण अर्धाच!

तेवढ्यात कौसल्या पडवीतनं उठली. डोक्यावरचा पदर सारखा करून ती थेट साकेतरावांपुढं येऊन उभी राहिली. "साहेब, घर तुमाला आठ दिस पाहिजे. मला बाकीचं सगळं वरीस ऱ्हायचंय. तुमी आला की बटन दाबू नका. कोण जबरदस्ती करतंय? पण माझ्या चुलीवर मला उजेड पाहिजे."

बोलून झाल्यावर तिचीच तिला भीती वाटली असावी. तिनं अंबूताईंकडं बघितलं. अंबूताई मुद्दाम दुसरीकडं बघत होत्या. इथं त्यांचं काही काम नव्हतं.

साकेतराव तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मग हातातल्या दोराकडं. "बटण दाबायचं नाही," शेवटी ते पुटपुटले, "हे माझ्या लक्षातच आलं नाही हो." आणि धोंडिबाला म्हणाले, "धोंडिबा, माझं चुकलं. कौसल्याबाई सांगतील तिथं बल्ब लावून घ्या."

"मालक, लाइटीच्या कागदावर सही," कौसल्यानं नवऱ्याच्या हातात पेन कोंबलं, त्याचं मन पुन्हा फिरायच्या आत.

लाइनमन ओरडला, "खांब उभा करायला अजून एक जण पाहिजे!" साकेतरावांनी दोर चाकाला गुंडाळला आणि निघाले तसेच, ओलेचिंब, पंच्यातनं पाणी गळत.

"थांबा!" अंबूताई म्हणाल्या. "तारेच्या कामाला ओल्यानं जाऊ नये. कोरडे कपडे घाला आधी."

साकेतराव वळले. त्यांनी सासूबाईंकडं एकदा नीट निरखून बघितलं. "आणि मडी?"

"सुटली."

"बाळाचार्यांनी सांगितलं?"

"नाही, मीच सांगतेय," अंबूताई म्हणाल्या. साकेतराव हसत हसत विजार शोधायला आत गेले, आणि दाराशी कौसल्या लाइनमनला भिंतीवर बोट टेकवून दाखवत होती, "हितं. न्हाई, जरा खाली. हितं, माझा हात पोचंल असं बटन बसवा."