दादाच्या झेंड्याचा मधला पट्टा

आमच्या कारखान्यात झेंडे शिवतात, त्यामुळे सरकार बदललं की आमच्या कात्र्यांना काम येतं. या वेळी मधला लाल पट्टा जाऊन निळा आला. दादा सैन्यात मारला गेला, तेव्हा त्याच्या शवपेटीवर अंथरलेला झेंडा आमच्या कपाटात होता. शहिदांच्या कार्यक्रमाला तो घेऊन या, पण नव्या रंगात, असा निरोप आला.

"बदलून आण," आई म्हणाली. "माझ्या लग्नात चांदणी होती, तू झालीस तेव्हा पट्टे आले. उद्या ठिपके काढतील मेले! पण माझ्या पोराला मागच्या रांगेत बसवणार नाही मी."

मी झेंडा कामावर नेला.

"अगं, हा तरी मला दे," शेजारच्या मशीनवरची ताई म्हणाली.

"राहू दे. होईल."

ब्लेडने शिवण उसवली. काहीतरी वाटेल म्हणून जरा थांबले. काही वाटलं नाही. निळा पट्टा जोडला, दोरे कापले, इस्त्री फिरवली.

घरी आईने विचारलं, "लाल कुठाय?"

तेव्हा कळलं. रोजच्या सवयीने हाताने तो चिंध्यांच्या पोत्यात टाकला होता, आणि पोती दुपारीच गेली होती. मी तसं सांगितलं.

आई ओरडली नाही. तिने झेंड्यावरून हात फिरवला. "मग यात त्याच्या अंगावरचं काय राहिलं?"

"वरचा आणि खालचा."

"बरं," ती म्हणाली, आणि निळा आत जाईल अशी घडी घालू लागली.