बारवेतला बघण्याचा कार्यक्रम

प्रांजलीने ठरवूनच टाकलं होतं, येणाऱ्या मुलाला नकार द्यायचा. मग तो राजबिंडा का असेना! जाफराबादजवळच्या तिच्या गावातली जुनी दगडी बारव निम्मी गाळात होती. दर रविवारी मैत्रिणींना गोळा करून ती गाळ उपसायची, आणि आपण सासरी गेलो की हे काम बंद पडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पाहुणे संध्याकाळी यायचे होते, म्हणून त्या रविवारी सकाळीही ती मैत्रिणींसोबत निवांत गुडघाभर गाळात उभी होती. तेवढ्यात काठावरून तिचे वडील, आबाराव, ओरडले, "प्रांजे, जल्दी वर ये! राजूरच्या गणपतीचं दर्शन उरकून पाव्हणे सरळ इकडंच आले. घरी चहा घेऊन राह्यलेत..."

चहा कुठला! पाहुणे त्यांच्या मागेच उभे होते.

मुलाची आई, घनसावंगीकडच्या इंद्रायणीबाई, वाकून खाली बघू लागल्या. प्रांजलीच्या नाकावर गाळ, वेणीत गाळ. आता ही बाई नाक मुरडणार आणि आपली सुटका होणार, म्हणून ती मनातून खूश झाली.

"झरा लागला का गं?" इंद्रायणीबाईंनी विचारलं.

"न्हाई अजून."

"मंग उभी काय राह्यली? अंगद, उतर खाली!" म्हणत पदर खोचून त्या मुलाच्या आधी स्वतःच पायऱ्या उतरू लागल्या.

मग जे झालं त्याला बघण्याचा कार्यक्रम म्हणायचं तर म्हणा बापडे. पायऱ्यांवर रांग लागली, घमेली वर जाऊ लागली, आणि घमेल्यांबरोबर प्रश्नही. शिक्षण किती? बीएस्सी, हे धरा. स्वयंपाक येतो का? येतो, पण सांभाळा, पाय घसरेल! तोवर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला अंगद बदकन गाळात बसला होता. प्रांजली हसली. बघायला आलेल्यांपुढे मुलीने हसू नये इतकं हसली. अंगदही हसत सुटला. उठायला त्याने भिंतीला हात टेकला, तिथला गाळ ढासळला आणि कपारीतून थंडगार पाण्याची धार सुटली. बारवेत एकच कल्ला झाला. आबाराव काठावर चक्क नाचले.

"पोरगी पसंत हाय," चिंब भिजलेल्या इंद्रायणीबाईंनी जाहीर केलं.

मुलगा प्रांजलीलाही आवडला होता, भलताच आवडला होता. "मला बी पोरगा पसंत हाय," ती म्हणाली, "पण ही बारव साफ झाल्याबिगर मी लगीन करणार न्हाई."

आबारावांनी कपाळावर हात मारून घेतला.

"दर रविवारी येतो की मी उपसायला," अंगद घाईघाईने म्हणाला.

"जल्दी उरका मंग," इंद्रायणीबाई म्हणाल्या. "आमच्या गावची बारव बी कचऱ्यानं पार भरली. कोणी हात लावून न्हाई राह्यलं."

प्रांजलीचे डोळे लकाकले. "मंग बुधवारी आम्ही तुमच्याकडं बघायला येतो."

"मला?" अंगद लाजला.

"तुम्हाला बघितलं की. बारव!"